डेटाबेस निवडताना या चुका टाळा

डेटाबेसच्या बाजारात सध्या जोरात खरेदी-विक्री चालू आहे. मे २०२५ मध्ये डेटाब्रिक्स या डेटा-सेवा विकणाऱ्या कंपनीने निऑन ही पोस्टग्रेसवर (एक ओपन सोर्स डेटाबेस) चालणारी कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात तिची स्पर्धक स्नोफ्लेकने क्रंची डेटा ही दुसरी पोस्टग्रेस कंपनी घेतली. या चढाओढीत आपला फायदा आहेच, नव्या सोयी लवकर मिळतात. पण कंपनीचं धोरण दोन वर्षांत पालटतं आणि आपला हिशेबाचा डेटा दहा-पंधरा वर्षं सांभाळायचा असतो. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

डेटा न मोजताच त्याला ‘बिग डेटा’ म्हणणं

सर्वांत महागडी चूक हीच. गुगलने २००४ मध्ये मॅपरिड्यूसचा, म्हणजे प्रचंड डेटावरचं काम अनेक संगणकांत वाटून करायच्या पद्धतीचा, शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या कल्पनांवर २००६ मध्ये हडूप हे सॉफ्टवेअर उभं राहिलं आणि पुढची दहा वर्षं ज्याला-त्याला हडूपचं क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरचा ताफा, हवं होतं. क्लाउडेरा, हॉर्टनवर्क्स आणि मॅपआर या तीन कंपन्या त्यावर मोठ्या झाल्या. जानेवारी २०१९ मध्ये पहिल्या दोघी एक झाल्या, त्याच वर्षी मॅपआरचा धंदा एचपीईने (ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइज) विकत घेतला आणि २०२१ मध्ये क्लाउडेरा शेअर बाजारातून बाहेर पडली. ज्यांचा डेटा खरोखर शेकडो टेराबाइट होता त्यांना हडूपचा उपयोग झाला. बाकीच्यांच्या हाती आली ती क्लस्टर सांभाळायची कटकट.

म्हणून आधी कागद-पेन घ्या. एखाद्या मोठ्या पतसंस्थेत रोज २०,००० व्यवहार होतात असं धरू. नाव आणि तपशील देवनागरीत असेल तर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणून एका नोंदीला सढळ हाताने १ किलोबाइट द्या. दिवसाला २० एमबी, वर्षाला ७.३ जीबी, दहा वर्षांत ७३ जीबी. इंडेक्स (नोंदी झटकन शोधायची सूची) धरून दुप्पट झालं तरी दीडशे जीबीच्या आत. एवढा डेटा एका सर्व्हरवरचं साधं पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल आरामात पेलतं. महिन्याअखेरच्या रिपोर्टना वेळ लागत असेल तर तेवढ्या कामाला डकडीबी हे रिपोर्टच्या कामाचं डेटाबेस-सॉफ्टवेअर आहे. ते ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संशोधन संस्थेत जन्मलं आणि वेगळा सर्व्हर न उभारता लॅपटॉपवरसुद्धा चालतं.

“पण आमचा डेटाबेस तर स्लो आहे!” ही तक्रार खरी असते, फक्त तिचं कारण डेटाचा आकार असेलच असं नाही. स्लो क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) आधी ‘एक्सप्लेन ॲनलाइज’ लावून बघा, डेटाबेसने ती कशी चालवली ते दिसतं. तिथे ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ (सगळं टेबल ओळीने वाचणं) दिसलं आणि लाखो नोंदी वाचून शेवटी शंभरच हाती लागल्या असतील, तर दुखणं क्वेरीत आहे. नेहमी सापडणारं उदाहरण म्हणजे तारखेच्या रकान्यावर इंडेक्स असतो, पण क्वेरीत त्या रकान्यावर वर्ष काढायचं फंक्शन लावलेलं असतं, त्यामुळे साधा इंडेक्स वापरलाच जात नाही. तीच अट ‘१ एप्रिलपासून पुढे आणि पुढच्या १ एप्रिलच्या आधी’ अशी लिहा, बहुतेक वेळा मिनिटांचं काम सेकंदांवर येतं. एवढं करून न बघता नवा डेटाबेस विकत घेणाऱ्या टीमबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण तीच क्वेरी ते नव्या जागी घेऊन जातात आणि तिथे तिचं वेगळं बिल भरतात.

कंपनीच्या बेंचमार्कवर विसंबणं

नोव्हेंबर २०२१ मध्ये डेटाब्रिक्सने १०० टेराबाइटच्या टीपीसी-डीएस या डेटाबेसच्या वेगाच्या प्रमाणित चाचणीत (बेंचमार्क) विक्रम केल्याचं जाहीर केलं. आपण स्नोफ्लेकपेक्षा कितीतरी वेगवान आणि स्वस्त आहोत, असाही दावा केला. स्नोफ्लेकने आपले आकडे पुढे करून तो खोडून काढला, मग पुन्हा प्रत्युत्तर. दोन्हीकडे उत्तम इंजिनियर होते. पण तुमच्याकडे १०० टेराबाइट नाहीत आणि तुमच्या क्वेरी टीपीसीच्या नाहीत, त्यामुळे त्या निकालावरून तुमच्या कामाचा अंदाज बांधता येत नाही.

कित्येक व्यापारी डेटाबेसच्या करारात तर परवानगीशिवाय चाचणीचे निकाल छापायला मनाई असते. ऑरॅकलपासून रूढ झालेल्या या अटीला प्राध्यापक डेव्हिड डेविट यांचं नाव पडलं, कारण त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात केलेल्या तुलनेत ऑरॅकलची कामगिरी कमी दिसली होती. त्यामुळे चाचणी स्वतःच घ्या. तुमच्या सर्वाधिक चालणाऱ्या वीसेक क्वेरी आणि खऱ्या डेटाची नावं-नंबर झाकलेली प्रत पुरते. फक्त एकेकदा क्वेरी चालवून समाधान मानू नका. महिन्याच्या शेवटच्या दिवशी जितके लोक एकदम लॉगिन होतात, तितका भार देऊन बघा.

लायसन्स न वाचणं, किंवा वाचून घाबरणं

क्लाउड कंपन्या आमचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकतात आणि आमच्या हाती काही येत नाही, हे गाऱ्हाणं गेल्या काही वर्षांत वारंवार ऐकू आलं. मोंगोडीबी या डेटाबेसच्या कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये लायसन्स बदलून अशा विक्रीवर बंधनं घातली. शोधाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकने २०२१ मध्ये तेच केलं, तेव्हा ॲमेझॉनने त्याच्या जुन्या कोडवरून ओपनसर्च हे वेगळं सॉफ्टवेअर काढलं. मार्च २०२४ मध्ये रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसची पाळी आली आणि आठवड्याभरात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली त्याच्या जुन्या कोडवरून वाल्की जाहीर झालं. पुढे इलॅस्टिक आणि रेडिस दोघांनीही एजीपीएल या ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय देऊन ओपन सोर्सकडे पुन्हा पाऊल टाकलं.

अशी बातमी आली की टीममध्ये गोंधळ उडतो. शांतपणे एकच गोष्ट तपासा. तुम्ही ते सॉफ्टवेअर तुमच्या ॲपच्या आत वापरता, की दुसऱ्यांना डेटाबेस-सेवा म्हणून विकता? आत वापरत असाल तर या बदलांचा रोख सहसा तुमच्यावर नसतो आणि घाईने स्थलांतर करायचं कारण नाही. प्रॉडक्ट ग्राहकाच्या सर्व्हरवर बसवून देत असाल तर मात्र वकिलाला दाखवा. खरी अडचण बहुधा अपडेटच्या वेळी येते. लिनक्सच्या काही वितरणांनी लायसन्स बदललेली पॅकेजेस काढून टाकली, त्यामुळे काल चालणारी इन्स्टॉलची कमांड आज ‘पॅकेज सापडलं नाही’ म्हणते. प्रोजेक्टमध्ये आवृत्ती पक्की लिहून ठेवा आणि ते पॅकेज कुठून येतं याचीही नोंद ठेवा.

क्लाउडचं मीटर चालू ठेवणं

स्नोफ्लेकसारख्या सेवेत साठवण आणि गणनशक्ती यांचं बिल वेगळं येतं. मीडियम आकाराचं वेअरहाउस (क्वेरी चालवणाऱ्या गणनशक्तीचा संच) तासाला ४ क्रेडिट (बिल मोजायचं एकक) घेतं. आता समजा, काम नसताना ते आपोआप थांबायची वेळ दहा मिनिटांवर ठेवली आहे आणि साहेबांचा डॅशबोर्ड दर पाच मिनिटांनी रिफ्रेश होतो. मग ते वेअरहाउस कधी झोपतच नाही. दिवसाला ९६ क्रेडिट जातात, रात्री दोन वाजता तो डॅशबोर्ड कोणी बघत नसलं तरीही. थांबायची वेळ ६० सेकंदांवर आणली आणि क्वेरी दहा सेकंदांची असेल, तर तासातली साधारण चौदा मिनिटंच मोजली जातात. रिफ्रेश अर्ध्या तासावर नेलात तर त्याहून कमी. बिल फुगलं की कंपनी बदलायच्या गोष्टी सुरू होतात, त्याआधी ही दोन सेटिंग बघा.

पेमेंटच्या क्षेत्रात असाल तर आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवावा लागतो. सेवा भारतातल्या रीजनमध्ये (क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरच्या ठिकाणी), उदाहरणार्थ मुंबईत, मिळते का, आणि बॅकअपही तिथेच राहतो का, हे सही करण्यापूर्वी विचारा.

एआयसाठी लगेच वेगळा व्हेक्टर डेटाबेस घेणं

२०२३ मध्ये व्हेक्टर डेटाबेसची, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत (व्हेक्टर) साठवून मिळताजुळता मजकूर शोधणाऱ्या डेटाबेसची, लाट आली आणि बघता-बघता मोंगोडीबी, ऑरॅकल सगळ्यांनीच ती सोय आपल्यात आणली. पोस्टग्रेस वापरत असाल तर पीजीव्हेक्टर हे एक्स्टेन्शन आधी वापरून बघा. काही लाख दस्तऐवजांपर्यंत त्याने सहसा भागतं आणि डेटा दोन जागी सांभाळावा लागत नाही.

पीजीव्हेक्टरमध्ये दोन ठिकाणी लोक अडखळतात. व्हेक्टर प्रकारावरचा एचएनएसडब्ल्यू हा जवळचे व्हेक्टर शोधायचा इंडेक्स २,००० मितींपर्यंतच (यादीतल्या आकड्यांपर्यंतच) चालतो. तुमचं मॉडेल ३,०७२ मिती देत असेल तर इंडेक्स बनवताना एरर येते. तिथे हाफव्हेक हा निम्म्या जागेत मावणारा प्रकार वापरा, त्याची मर्यादा ४,००० आहे. दुसरी तक्रार अशी, “दहा निकाल मागितले, चारच आले.” याचं कारण फिल्टर इंडेक्सनंतर लागतो. इंडेक्स मुळात ४० जवळचे शेजारी आणतो आणि त्यातले तुमच्या अटीत बसणारे तेवढेच उरतात. ०.८ आवृत्तीपासून आलेलं इटरेटिव्ह स्कॅन चालू करा, म्हणजे पुरेसे निकाल मिळेपर्यंत ते शोधत राहतं. हे माहीत नसल्यामुळे ‘पोस्टग्रेसला एआय जमत नाही’ असा शेरा मारून लोक पुढे जातात, तो अन्यायच आहे.

बाहेर पडायचा खर्च न धरणं

ॲमेझॉनने २०१९ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या ग्राहक-व्यवसायाने ऑरॅकल सोडलं. जवळपास ७,५०० डेटाबेस, ७५ पेटाबाइट डेटा. स्वतःच डेटाबेस विकणाऱ्या कंपनीलाही त्यासाठी शंभराहून जास्त टीम आणि काही वर्षं लागली. तेव्हा ‘दोन महिन्यांत पोस्टग्रेसवर जाऊ’ असं मॅनेजमेंटला सांगताना जपून.

टेबलं हलवणं हा सोपा भाग आहे, ओरा-टू-पीजीसारखं टूल ते करतं. अडतं ते ऑरॅकलच्या पीएल-एसक्यूएल भाषेत वर्षानुवर्षं साठलेल्या प्रोसिजर्सपाशी (डेटाबेसच्या आतच चालणारे प्रोग्राम) आणि छोट्या-छोट्या फरकांपाशी. ऑरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला (कोऱ्या मजकुराला) नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’, समजतं, पोस्टग्रेस तसं समजत नाही. त्यामुळे ‘मोबाइल नंबर नसलेले खातेदार’ शोधणारा रिपोर्ट स्थलांतरानंतर एकही एरर न देता वेगळा आकडा दाखवू शकतो. ऑरॅकलच्या डेट प्रकारात वेळही असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये फक्त तारीख. प्रकार तसाच नेला तर वेळ गळून पडते. म्हणून जुना आणि नवा डेटाबेस किमान एक महिनाअखेर समांतर चालवा आणि नोंदींच्या संख्येबरोबर रिपोर्टच्या बेरजाही जुळवा. मार्चअखेर त्यात धरता आली तर उत्तम, कारण वर्षातून एकदाच चालणाऱ्या प्रोसिजर तेव्हाच उघड्या पडतात.