मेसॉनमध्ये ऐच्छिक लायब्ररी कशी जोडावी

माझ्या लॅपटॉपवर झकास चालणारा फोटो बघायचा छोटा प्रोग्राम मित्राच्या मशीनवर उघडेचना. टर्मिनलवर एकच तक्रार: लिबवेबपी (वेबपी प्रकारचे फोटो वाचणारी लायब्ररी) सापडत नाही. गंमत म्हणजे वेबपीचा सपोर्ट मी ऐच्छिक ठेवला होता! पण तो ऐच्छिक होता बिल्ड करेपर्यंतच. माझ्याकडे लायब्ररी होती म्हणून बिल्डने ती गुपचूप जोडून टाकली, आणि मग तयार बायनरीला (म्हणजे थेट चालवायच्या फाइलीला) ती लागणारच. जेंटू लिनक्सवाले याला ‘ऑटोमॅजिक डिपेन्डन्सी’ म्हणतात.

तेव्हापासून मी मेसॉनमध्ये, म्हणजे कोडचा प्रोग्राम बिल्ड करायच्या साधनात, हे असं करतो. (इथे कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे दिलेत, फाइलीत ते रोमनमध्येच लिहायचे.)

१. आधी पर्यायाला नाव द्या. ‘मेसॉन.ऑप्शन्स’ या फाइलीत (१.१ च्या आधीच्या आवृत्तीत ‘मेसॉन_ऑप्शन्स.टीएक्सटी’) ‘वेबपी’ नावाचा ऑप्शन घाला. त्याचा प्रकार ‘फीचर’ ठेवा, ‘बूलियन’ नको. बूलियनला हो किंवा नाही एवढंच कळतं. फीचरला तीन उत्तरं येतात: ‘एनेबल्ड’ म्हणजे हवंच, ‘डिसेबल्ड’ म्हणजे नको, आणि ‘ऑटो’ म्हणजे कोथिंबीर असेल तर घाला.

२. मुख्य फाइलीत (‘मेसॉन.बिल्ड’) ‘डिपेन्डन्सी’ बोलावताना ‘रिक्वायर्ड’समोर थेट ‘गेट_ऑप्शन’चं उत्तर द्या. वेगळे इफ-एल्स लिहीत बसू नका. एनेबल्ड असून लायब्ररी नसेल तर सेटअप (बिल्डच्या आधीची तयारी) तिथेच थांबतो. डिसेबल्ड असेल तर लायब्ररी मशीनवर असली तरी मेसॉन तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

३. आता सी कोडला निरोप पोचवा, म्हणजे ‘कॉन्फिग.एच’मध्ये ‘हॅव्ह_वेबपी’ हा मॅक्रो (कंपायलरसाठी नाव दिलेली खूण) टाका. इथे मी एक अख्खी संध्याकाळ घालवलीय. मेसॉनच्या ‘सेट१०’ने लिहिलेला मॅक्रो लायब्ररी नसतानाही डिफाइन होतो, फक्त त्याची किंमत ० असते. कोडमध्ये ‘इफडेफ’ असेल तर त्याला मॅक्रो आहे एवढंच दिसतं, ० दिसत नाही. मग नसलेल्या लायब्ररीचा कोड कंपाइल व्हायला लागतो. उलट बाजूही आहे: एखाद्या फाइलीत कॉन्फिग.एच इन्क्लूड करायचं राहिलं, की इफडेफ चकार शब्द न काढता फीचर बंद करतो. म्हणून मी सेट१०सोबत साधा ‘इफ’ वापरतो आणि कंपायलरला ‘डब्ल्यूअनडेफ’ वॉर्निंग लावतो. मॅक्रो पोचलाच नसेल तर कंपायलर स्वतःहून बोंब मारतो.

४. सेटअपच्या शेवटी ‘समरी’ने काय सापडलं, काय नाही ते छापा. दोन ओळींचं काम.

५. दोन वेगळ्या फोल्डरांत दोनदा बिल्ड करा: एकदा वेबपी एनेबल्ड, एकदा डिसेबल्ड. टेस्ट दोन्हीकडे चालवा. आपण रोज वापरतो ती वाट ठीक असते, मोडलेली असते ती दुसरी. माझ्या डिसेबल्ड बिल्डमध्ये लिंकर (तुकडे जोडून बायनरी बनवणारा प्रोग्राम) एका फंक्शनच्या नावाने अडला, कारण ते फंक्शन मी इफच्या आत लिहून बाहेरून बोलावलं होतं.

६. दुसऱ्याला द्यायची बायनरी कधीही ऑटोवर सोडू नका. सेटअपला ‘ऑटो_फीचर्स’ एनेबल्ड करून द्या, म्हणजे ऑटोवरचे सगळे पर्याय सक्तीचे होतात. जे नको ते नावानिशी डिसेबल्ड करा. फेडोरा लिनक्सचा पॅकेज बनवताना वापरायचा मेसॉन मॅक्रोही ऑटो_फीचर्स एनेबल्डच ठेवतो. लायब्ररी राहिली असेल तर ते तुम्हाला बिल्डच्या वेळीच कळतं, पुढच्या माणसाला नंतर नाही. शेवटी बायनरीवर ‘रीडएल्फ’ हायफन डी चालवून ‘नीडेड’च्या ओळी, म्हणजे बायनरीला थेट लागणाऱ्या लायब्रऱ्या, वाचा. ‘एलडीडी’ही चालेल, पण ती लायब्रऱ्यांच्या लायब्रऱ्याही दाखवते, त्यामुळे यादी लांबते.

मित्राला मी वेबपी बंद करून नवी बायनरी पाठवली. त्याच्याकडे सगळे फोटो जेपेग होते.