सेव्हन-झिप जुनं आहे का, ते कसं तपासावं आणि बदलावं

सेव्हन-झिप (7-Zip), म्हणजे दाबून लहान केलेल्या झिपसारख्या फाइल उलगडणारा प्रोग्राम, एकदा टाकला की त्याच्याकडे कुणी परत बघत नाही. तोही स्वतःहून अपडेट होत नाही, की ब्राउझरसारखं अपडेटचं टुमणं लावत नाही. परवा घरच्या लॅपटॉपवर बघितलं तर १९.०० निघालं, म्हणजे २०१९ मधलं!

१. नंबर बघा. प्रोग्राम उघडून 'हेल्प' मेनूत 'अबाउट'वर क्लिक करा. आकडा २४.०७ पेक्षा लहान असेल तर बदलायचाच. झेडस्टँडर्ड या पद्धतीने दाबलेली फाइल उलगडताना होणारी इंटिजर अंडरफ्लोची (आकड्यांचा हिशेब उलटण्याची) चूक २४.०७ मध्ये दुरुस्त झाली. ती जाहीर झाली नोव्हेंबर २०२४ मध्ये. २३.०० च्या आधीच्या आवृत्त्यांत याच जातीची आणखी एक चूक आहे, म्हणजे 'माझं तर फारच जुनं आहे' ही पळवाट नाही.

ही भानगड काय, ते फाइल दाबायच्या एलझेडओ या दुसऱ्या पद्धतीच्या उदाहरणातून चटकन कळतं. या पद्धतीत 'पुढचे किती बाइट जसेच्या तसे उतरवायचे' हा आकडा मोठा असला की फाइलमध्ये शून्यं लिहितात आणि दर शून्याला २५५ मिळवतात. ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. कुणी मुद्दाम १,६८,४३,००९ शून्यं भरली तर बेरीज बरोब्बर तिथे पोचते. आणखी एक शून्य आलं की उत्तर २५४! हाच इंटिजर ओव्हरफ्लो. सोळा-सतरा एमबीच्या फाइलचा खेळ. हिशेब असा उलटला की 'जागा पुरेल का?' ही तपासणी निमूटपणे पास होते आणि डेटा राखीव जागेबाहेर सांडतो. तो कुठे सांडेल हे हल्लेखोराने ठरवलं, तर त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालू शकतो. एलझेडओचा कोड १९९० च्या दशकातला, चूक उघड झाली २०१४ मध्ये. अंडरफ्लोत उलटं होतं: शून्यातून एक वजा केला की अवाढव्य आकडा.

२. नवी आवृत्ती घ्या, पण फक्त 7-zip.org वरून. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका.

३. जुन्यावरच इन्स्टॉल करा. आधी काढून टाकायची गरज नाही. रीस्टार्ट मागितलं तर द्या, 'नंतर' म्हणू नका. मग पहिल्या पायरीवर जाऊन नंबर पुन्हा बघा.

४. बाकीच्या प्रोग्रामांकडे वळा. फाइल उलगडणारा कोड इतर सॉफ्टवेअरच्या पोटातही असतो. २०१० मध्ये फाइल दाबणाऱ्या-उलगडणाऱ्या बीझिप-टूमध्ये इंटिजर ओव्हरफ्लो सापडला, तेव्हा क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसलाही नवी आवृत्ती काढावी लागली, कारण फाइल तपासायला तोही ती आधी उलगडतो. म्हणून अँटिव्हायरस आणि विंडोजचे अपडेट थोपवून ठेवू नका.

५. ऑफिसच्या मशीनवर इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर आयटीवाल्यांना नंबरासकट मेल टाका. तोवर अनोळखी माणसाकडून आलेली झिप किंवा सेव्हन-झेड फाइल उघडायची नाही, मग तिचं नाव 'पगारपत्रक' असलं तरी.