एक रुपयात मिसळ ठेवण्याआधी

समजा, तुम्ही मिसळीचं दुकान काढताय. उद्घाटनाच्या दिवशी एक रुपयात मिसळ ठेवावी, हे सगळ्यांनाच सुचतं. सुचलं तरी लगेच फ्लेक्स छापायला टाकू नका, आधी वही घेऊन बसा. कोणी फिरकलंच नाही म्हणून फसलेले स्टंट आपण विसरूनही जातो. लक्षात राहतात ते लोकांनी मनावर घेतल्यामुळे फसलेले.

म्हणून पहिलं काम म्हणजे, सगळेच आले तर काय, याचा हिशेब. १९९२ साली ब्रिटनमध्ये व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या हूव्हर कंपनीने १०० पौंडांच्या खरेदीवर अमेरिकेची दोन परतीची विमानतिकिटं फुकट देऊ केली. तिकिटं त्याहून कितीतरी महाग होती. अर्जांच्या कटकटीला लोक कंटाळतील, असा कंपनीचा होरा होता. लोक कसले कंटाळतात! गरज नसताना त्यांनी व्हॅक्यूम क्लीनर घेतले, तिकिटं मिळेनात तेव्हा कोर्टात गेले, आणि कंपनी सुमारे ५ कोटी पौंडांना बुडाली. तुम्ही एका प्लेटचा खरा खर्च काढा. फरसाण, पाव, गॅस, पोरांची मजुरी, सगळं धरून. त्याला रांगेतल्या माणसांनी गुणा. आकडा झेपत नसेल तर ‘पहिल्या १०० जणांना’ हे किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात छापा. दोन तास उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला ‘अटी लागू’ची मुंगीएवढी अक्षरं दाखवायची हिंमत आहे का तुमच्यात?

मग कुपनं. प्रत्येकावर वेगळा क्रमांक, दुकानाचा शिक्का, आणि स्थळप्रत तुमच्याकडे. यात ढिलाई नको. फिलिपिन्समध्ये पेप्सीने बुचांच्या आत आकडे छापून १० लाख पेसोंपर्यंतची बक्षिसं लावली होती. मे १९९२ मध्ये ३४९ हा आकडा जाहीर झाला, आणि तो निघाला सुमारे ८ लाख बुचांवर. ५०० पेसोंवर बोळवण करायला गेल्यावर लोक भडकले, ट्रक जळले, माणसंही मेली.

आता स्वतःला विचारा, या सगळ्यातून मिसळ कुठे दिसते? २०१३च्या अलाहाबाद कुंभमेळ्यात लाइफबॉयने सुमारे २५ लाख रोट्यांवर गरम ठशाने ‘लाइफबॉयने हात धुतलेत का?’ अशा अर्थाचा हिंदी प्रश्न उमटवला. शाई नाही, कागद नाही. जेवायला हात पुढे झाला, नेमका तेव्हाच प्रश्न समोर. मला हा स्टंट फार आवडतो, कारण त्यातून साबण वजा केला तर काहीच उरत नाही. तुमच्या दारात ढोलताशा वाजवला तर तो शेजारच्या चपलांच्या दुकानालाही तितकाच शोभेल. त्यापेक्षा कटाची परात फुटपाथच्या बाजूला, वास जाईल अशी ठेवा.

रंगीत तालीम कराच, तीही उद्घाटन दिवसाच्या ज्या वेळेला आहे त्याच वेळेला. जून २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरला स्नॅपल या शीतपेयांच्या कंपनीने २५ फुटी आइसकँडी उभी करायचा घाट घातला. ती उन्हात वितळली, गुलाबी चिकट पाणी रस्त्यावर आलं, आणि अग्निशमन दलाला यावं लागलं.

फ्लेक्सला महापालिकेची परवानगी घ्या, पोलीस चौकीत आधी सांगून ठेवा. मृत्यू, आजार यांच्याशी खेळू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्करोगाच्या जनजागृतीसाठी एका अभिनेत्रीच्या निधनाची खोटी बातमी पसरवली गेली. दुसऱ्या दिवशी लोक आजाराबद्दल कमी, फसवणुकीबद्दलच जास्त बोलत होते.

उद्घाटनाचे फोटो किती जणांनी बघितले, ते मोजत बसू नका. दहा दिवसांनी, पूर्ण दरात, कितीजण परत आले आणि जादा तर्री मागून गेले, ते वहीत मांडा.