नाशिकची खासगी वाइन सहल ठरवताय? या चुका टाळा

गाडी आणि गाइड घेऊन नाशिकच्या वायनरी बघायला जाणाऱ्यांचा दिवस बिघडतो तो बहुतेक वेळा आखणीमुळे. सकाळी अकराला पहिला ग्लास, संध्याकाळी सहाला चौथी वायनरी, मधले तीन-चार तास गाडीत, आणि द्राक्षाचा वेल जवळून पाहायचा राहूनच गेला, ही तक्रार सारखी ऐकू येते. टेस्टिंग रूममध्ये ग्लास कुणालाही मिळतो. खासगी गाइडला जास्तीचे पैसे मोजायचे ते त्यानं बागेत न्यावं, आपल्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत आणि घाई न करता दिवस घालवता यावा म्हणून. आखताना एवढं धरून चाला.

महिना चुकला की सगळं चुकलं

युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात काढतात. तेच डोक्यात ठेवून, किंवा दिवाळीची सुट्टी गाठून, पुष्कळ लोक नाशिकला येतात आणि बागेत घड शोधत फिरतात. आपल्या हवेत वेल हिवाळ्यात झोपत नाही, त्यामुळे इथलं वर्ष छाटणीवर चालतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यातून नव्या काड्या तयार होतात. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते आणि फळ धरतं ते तिच्यानंतर. म्हणजे दिवाळीत बागेत दिसणार कोवळी फूट, फार तर बारीक मणी. वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. बघायचं असेल तर याच तीन महिन्यांत बघावं, असं माझं ठाम मत आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणाचा परिसर फार देखणा असतो, त्यात वाद नाही. पण तेव्हा वेलीवर नुसती पानं असतात, बागेत घोट्यापर्यंत चिखल असतो आणि डावणी हा बुरशीचा रोग पडू नये म्हणून बागायतदार फवारणीच्या मागे असतो. पावसाळ्यातच जायचं असेल तर गाइडला आधीच सांगा, की आम्हाला बागेपेक्षा टाक्या, लाकडी पिंपं आणि बाटल्या भरण्याची जागा नीट दाखवा. एप्रिल-मे मात्र टाळाच. वेलीचे उघडे ओलांडे (जाड आडव्या फांद्या) आणि डोक्यावर ऊन, एवढंच हाती लागतं.

हंगामात आलात तरी वेळ चुकू शकते. उन्हानं द्राक्षं तापू नयेत म्हणून काढणी पहाटे सुरू करतात आणि ऊन चढायच्या आत बरीचशी उरकतात. अकरा वाजता पोहोचलात तर धुतलेली फरशी आणि रिकामे क्रेट बघायला मिळतील. गाइडशी बोलताना सरळ विचारा, ‘सध्या कुठली जात काढताहेत, आणि सकाळी साडेसातला बागेत जायची परवानगी मिळेल का?’ स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनसाठीची द्राक्षं साखर कमी असतानाच आधी काढतात, मग सोविन्यॉं ब्लांक, शनिन ब्लांकसारख्या पांढऱ्या जाती येतात, शिराझ आणि कॅबर्ने या लाल वाइनच्या जाती त्यानंतर. या प्रश्नाला ज्याच्याकडे नीट उत्तर आहे तो कामाचा गाइड.

आणखी एक तारीख. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की मुंबई-पुण्याहून झुंडीनं बुकिंग होतं. पण प्रजासत्ताक दिन हा ड्राय डे आहे. त्या दिवशी टेस्टिंगही नाही आणि विक्रीही नाही. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी आणि निवडणुकीचे मतदान-मतमोजणीचे दिवस यांनाही तेच लागू. आगाऊ पैसे भरण्याआधी कॅलेंडर बघा, आणि निवडणुका जाहीर झालेल्या असतील तर दुसऱ्यांदा बघा.

नकाशावर सगळं जवळ दिसतं

नाशिकच्या वायनरी एका रस्त्यावर नाहीत. शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या अंगानं सुला, यॉर्क आणि सोमा. उत्तरेला दिंडोरीकडे शाँडों. दक्षिणेला इगतपुरी तालुक्यात, मुकणे धरणाजवळ कावनईला वॅलोने, आणि सांजेगावला ग्रोव्हर झांपा. या तीन दिशा एका दिवसात घालायच्या म्हटल्या तर गाडी दीडशेच्या आसपास किलोमीटर पळते.

इथेच पैशाचा घोळ होतो. भाड्याच्या गाडीचं पॅकेज बहुधा ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असं असतं. त्यावर प्रत्येक किलोमीटर आणि प्रत्येक तास वेगळा लागतो. मोजणी तुमच्या हॉटेलपासून सुरू होते की गाडीच्या गॅरेजपासून, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. गॅरेज नाशिकरोडला आणि हॉटेल गंगापूर रोडला असेल तर तुम्ही गाडीत बसण्याआधीच दहा-पंधरा किलोमीटर संपलेले असतात. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण आणि रात्रीचा भत्ता यांचाही हिशेब आधीच करून घ्या. फोनवर बोलणं झालं तरी सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागवा. संध्याकाळी थकलेल्या अवस्थेत वाद घालण्यापेक्षा ते पुष्कळ सोपं.

एका दिवसात एक दिशा आणि दोन वायनरी, एवढंच ठेवा. गंगापूरच्या बाजूला गेलात तर एक मोठी आणि एक लहान वायनरी निवडा. मोठ्या ठिकाणी यंत्रणा कळते. लहान ठिकाणी प्रत्यक्ष वाइन बनवणारा माणूस भेटण्याची शक्यता असते. उरलेला वेळ बागेला द्या.

त्याच दिवसात त्र्यंबकेश्वर बसवायचा मोह खूप जणांना होतो. दर्शनाच्या रांगेला किती तास लागतील ते कुणाच्याच हातात नसतं, आणि घाईत केलेलं दर्शन मनाला लागून राहतं. त्याला दुसरा दिवस द्या. दिंडोरीकडे जाणार असाल तर हेही ध्यानात ठेवा, की वणीच्या सप्तशृंगी गडाचा रस्ता तोच आहे. नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेत तिकडे गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. २०२७ मध्ये पावसाळ्यात सिंहस्थाची मुख्य पर्वस्नानं आहेत. तेव्हा तर वाइन सहलीचा विचारच नको.

गाइड म्हणजे नक्की कोण?

गाडी चालवणारा, हॉटेलातून बुकिंग करून देणारा आणि द्राक्ष-वाइनची माहिती असणारा, या तिघांनाही आपल्याकडे गाइडच म्हणतात. ड्रायव्हर गावातला असतो, रस्ते त्याला तोंडपाठ असतात आणि पुष्कळदा तो माणूस म्हणूनही उत्तम असतो. पण टाकीत काय चाललंय ते तो सांगू शकत नाही, आणि ती अपेक्षा त्याच्याकडून ठेवणं बरोबरही नाही. पैसे कोणत्या कामाचे घेताहेत ते विचारा. वायनरीत फिरताना गाइड आपल्यासोबत आत येणार, की गेटवर सोडून वायनरीच्या नेहमीच्या गटात आपल्याला मिसळवून देणार? टेस्टिंगचे पैसे धरलेत का? किती वाइन, आणि त्या कोणत्या? शनिवार-रविवारी काही ठिकाणी प्रवेशशुल्क असतं. ते कोण भरणार?

गाडीची नंबर प्लेटही बघा. भाड्याच्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असतात. कुणी पांढऱ्या पाटीची घरची गाडी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. ती भाड्यानं चालवायला परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात पडतं.

चांगला गाइड कसा ओळखावा? काढणीच्या दिवसांत तो तुम्हाला ओळीच्या टोकाला थांबवतो, मालकाला विचारून शिराझचा एक मणी तोडतो आणि तुमच्या तळहातावर ठेवतो. मणी लहान असतो, सालीला जाडी असते. चावलात की आधी गोड रस, मग सालीचा तुरटपणा, शेवटी दाताखाली बी. बी हिरवट आणि कडू लागली तर द्राक्ष अजून तयार नाही. तपकिरी आणि कुरकुरीत लागली तर झालंय. मग तो खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखर मोजायचं छोटं उपकरण, काढतो, काचेवर रसाचा थेंब टाकतो आणि तुम्हाला उजेडाकडे धरून बघायला सांगतो. आत निळी-पांढरी सीमारेषा बावीस-तेवीसच्या आकड्यावर दिसते. ती रसातली साखर. तिचंच पुढे अल्कोहोल होणार असतं. या पाच मिनिटांत जे समजतं ते तासभर टेस्टिंग करून समजत नाही.

जमलं तर त्याला खाण्याच्या द्राक्षांची एखादी बागही दाखवायला सांगा. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांत त्या जागोजाग आहेत. थॉमसन सीडलेस मांडवावर किंवा वाय आकाराच्या तारांवर पसरलेली असते आणि घड डोक्याशी लोंबतात. वाइनच्या बागेत उभ्या तारा असतात आणि घड बऱ्याचदा कमरेच्या उंचीला असतात. दोन्ही एका सकाळी पाहिलं की फरक कायमचा लक्षात राहतो. मात्र परवानगीशिवाय कुणाच्या बागेत शिरू नका आणि घडाला हात लावू नका. ती कुणाची तरी वर्षभराची कमाई असते, शिवाय नुकतीच फवारणी झालेली असू शकते.

मिसळ आधी नको

नाशिकला आलं की सकाळी मिसळ खायचीच, असं ठरलेलं असतं. खा, पण टेस्टिंगच्या दिवशी सकाळी नको. तिखट रश्श्यानं पोळलेल्या जिभेला वाइनमधलं अल्कोहोल नुसतं जळजळीत लागतं आणि फळाची चव कुठल्या कुठे जाते. पोहे, उपमा, थालीपीठ असं काहीतरी पोटभर खाऊन निघा. उपाशीपोटी तर अजिबात जाऊ नका. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत होऊ द्या.

परफ्यूम, उग्र अत्तर आणि मोगऱ्याचा गजरा यांनीही घोटाळा होतो. वाइनचा अर्धा आनंद वासात आहे, आणि शेजारच्याच्या अत्तरानं तुमचाही वास मारला जातो. क्रम साधारण असा ठेवतात: आधी स्पार्कलिंग, मग पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड वाइन. उलट केलंत तर लाल वाइनच्या तुरटपणानंतर शनिन पाण्यासारखी लागेल.

टेबलावर ठेवलेलं भांडं थुंकण्यासाठी असतं आणि त्यात थुंकणं हा मुळीच असभ्यपणा नाही. चव घेणारे जाणकार तेच करतात. सहा-सहा वाइनच्या दोन फेऱ्या पूर्ण प्यायलात तर दुपारनंतर काही आठवणार नाही. प्रत्येक ग्लासामागे पाणी प्या. गाडी स्वतः चालवायचा विचार तर सोडूनच द्या. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे. ती ओलांडली तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आग्रह करकरून ड्रायव्हरला ‘एक घोट’ पाजणाराही सोबत असतो. त्याला वेळीच थांबवा.

ऐन वेळी बिघडलं तर

वायनरीत लग्न किंवा कंपनीचा कार्यक्रम असल्यामुळे टूर बंद, हे हंगामात होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी गाइडवर न सोडता स्वतः वायनरीत फोन करा. तरीही गेटवर अडलात तर त्याच बाजूची दुसरी वायनरी गाठा, दिशा बदलू नका. दुसऱ्या दिशेला गेलात तर दुपार रस्त्यातच जाते.

गाइड आलाच नाही तर दिवस रद्द करायची गरज नाही. मोठ्या वायनरींच्या स्वतःच्या टूर दिवसभर सुरू असतात, त्यात नाव घाला. ड्रायव्हर ठेवून घ्या आणि गाइडच्या पैशाचं बोलणं लेखी करा. गाइड वारंवार एखाद्याच दुकानात किंवा हॉटेलात न्यायला लागला तर शांतपणे सांगा, की आज खरेदी करायची नाही. तो आग्रह सहसा तिथेच थांबतो.

घरातल्या सगळ्यांना वाइनमध्ये रस नसतो. आई-बाबा, लहान मुलं किंवा न पिणारी वहिनी यांना चार तास टेस्टिंग रूमबाहेर बसवून ठेवणं योग्य नाही. त्यांनाही सकाळी बागेत घेऊन जा. तिथे सगळेच रमतात. नंतर त्यांना धरणाच्या बाजूला जेवायला बसवा आणि टेस्टिंग तासाभरात उरका. तरुण मंडळींनी ओळखपत्र जवळ ठेवावं. वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि ओळखपत्र मागितलं जातं.

कुणाला गरगरायला लागलं तर ताबडतोब सावलीत बसवा, पाणी आणि काहीतरी खारट द्या आणि पुढचं टेस्टिंग सोडून द्या. बऱ्याचदा त्यात वाइनइतकाच उन्हाचाही हात असतो. सारखी उलटी होत असेल किंवा माणूस नीट जागा राहत नसेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

बाटल्या घरी नेताना

खरेदी शेवटच्या वायनरीत करा. मार्चच्या दुपारी बंद गाडीत बाटल्या दोन तास राहिल्या तर वाइन शिजल्यासारखी होते. बूच वर सरकतं, कधी गळतीही लागते. थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या दोन पिशव्या सोबत असू द्या. डिकीपेक्षा एसी लागतो त्या जागी, सीटच्या पायाशी ठेवा. बिल जपून ठेवा.

दिंडोरी-वणीमार्गे सापुताऱ्याला पुढे जायचा बेत असेल तर बाटल्या घेऊच नका. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि हद्दीवर गाड्या तपासतात. आपल्याकडे वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतही बंदी आहे, हे विदर्भातल्या वाचकांनी लक्षात घ्यावं. विमानानं जाणाऱ्यांनी बाटल्या नीट गुंडाळून चेक-इन सामानात द्याव्यात. हातातल्या बॅगेत त्या चालत नाहीत. घरी पोहोचल्यावर दोन-चार दिवस बाटली थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा आणि मगच उघडा. स्क्रू कॅप असेल तर उभी ठेवली तरी चालते.