वीस मिनिटांत एक पलटण

मी एअर फोर्समध्ये छत्र्या घडी करायचो. पावसाच्या नव्हे, पॅराशूटच्या. आग्र्याला पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलच्या पॅकिंग शेडमध्ये लांबच लांब टेबलांवर उमेदीची वर्षं गेली, शेवटची पोस्टिंग वायुसेना नगरला मिळाली आणि मग नागपूरचाच होऊन बसलो. आता दर रविवारी एनडीए-एसएसबीची तयारी करणारे सहा-सात पोट्टे घरी येतात. एसएसबीत, म्हणजे सैन्यातले अधिकारी निवडणाऱ्या बोर्डासमोर, तीन मिनिटांचं लेक्चरेट, म्हणजे छोटं भाषण, द्यावं लागतं. माझं म्हणणं असं, की आधी एका विषयावर वीस मिनिटं नीट बोलता आलं, तर तीन मिनिटं आपोआप जमतात. त्या वीस मिनिटांसाठी मी सगळ्यांना एकच विषय देतो: फ्रेंच फॉरेन लीजनची, म्हणजे फ्रान्सच्या परदेशी शिपायांच्या फौजेची, दुसरी छत्रीधारी रेजिमेंट.

लोक विचारतात, फ्रेंचच काऊन? आपल्या पलटणी काय कमी आहेत? कमी नाहीत, पण आपल्या पलटणीवर बोलायला उभं केलं की पोरगं छाती फुगवून घोषणा देतं आणि खाली बसतं. परक्याच्या पलटणीबद्दल अभिमान आयता मिळत नाही, मग त्याला माहिती काढावीच लागते.

पहिल्यांदा मी स्वतः या विषयावर एका अकादमीत बोललो, तेव्हा चांगलीच फजिती झाली. मे महिना, कूलरची घरघर, मी पंचावन्न मिनिटं तारखा वाचत होतो आणि पुढची रांग डुलक्या घेत होती. शेवटी कामठीहून आलेले एक निवृत्त सुभेदारसाहेब उठले. म्हणाले, "तुमची पलटण १९६१ साली बरखास्त झाली ना जी? मग १९७८ मध्ये उडी मारली कोणी?" मी पहिल्या आणि दुसऱ्या रेजिमेंटची खिचडी करून ठेवली होती. त्या दिवसापासून मी बोलायला नावांच्या घोळापासून सुरुवात करतो. तुम्हीही तिथूनच करा.

फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी तीन आडव्या रेघा ओढा. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाम-लाओस-कंबोडियात, अडकला होता, आणि लीजननं १९४८ साली अल्जीरियात छत्रीधाऱ्यांची पहिली आणि दुसरी बटालियन उभी केली, १९४९ मध्ये तिसरी. पांढरी रेघ पहिलीची, पिवळी दुसरीची. पांढरी ऑक्टोबर १९५० वर आली की डस्टर घ्या आणि पुसा. चीनच्या सरहद्दीलगतच्या चार नंबरच्या रस्त्यावरून माघार घेणाऱ्या फौजेच्या मदतीला या बटालियनला पाठवलं होतं. कोक शाच्या घळीत ती संपली. कमांडर सेग्रेताँ गेले, कॅप्टन जाँपिएर जेमतेम तीसेक माणसं घेऊन बाहेर पडले. रेघ पुन्हा ओढा, कारण १९५१ मध्ये ती नव्यानं उभी राहिली. मे १९५४ मध्ये व्हिएतनाममधला दिएन बिएन फूचा फ्रेंच तळ पडला तेव्हा पांढरी आणि पिवळी दोन्ही पुसा. आता उरली हिरवी, म्हणजे तिसरी बटालियन. तिच्यावरचा ३ पुसून तिथं २ लिहा. फ्रेंचांनी नेमकं हेच केलं, दुसरीचं नाव तिसरीला देऊन टाकलं. पहिलीही पुन्हा जिवंत झाली, आणि पुढं १९५५ मध्ये बटालियनच्या रेजिमेंट झाल्या.

हे तोंडी सांगाल तर कोणाच्याही डोक्यात राहणार नाही. पुसताना दाखवाल तर राहील. इथं ऐकणारे आपलेच आहेत, म्हणून एक आपलं उदाहरण जोडा. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला उतरलेली २ पॅरा म्हणजे पूर्वीची ३ मराठा. १९५२ साली नंबर बदलला, माणसं तीच. इथं फ्रान्समध्ये नंबर तोच राहिला आणि माणसं बदलली. एवढा फरक कळला की पोरं जागी होतात.

एक सूचना, थोडी अवघड. या रेजिमेंटच्या फ्रेंच नावाचा तीन अक्षरी संक्षेप एका दमात उच्चारू नका. आपल्या कानाला तो भलत्याच शब्दासारखा ऐकू येतो. एका पोरानं तो भर वर्गात तीनदा उच्चारला. मुलं खिदळली, मुली खाली पाहू लागल्या आणि दिएन बिएन फूचे सगळे मेलेले वाया गेले. आर-ई-पी अशी सुटी अक्षरं म्हणा, नाहीतर सरळ 'दुसरी रेजिमेंट'.

भाड्याचे सैनिक का, हा प्रश्न येणारच. तो चार-पाच वाक्यांत उरका. लीजन १० मार्च १८३१ ला राजा लुई फिलिपनं उभारली. ती फ्रेंच सैन्याचाच भाग आहे, पगार फ्रेंच सरकार देतं, अधिकारी बहुतेक फ्रेंच, शिपाई जगभरचे. पहिला करार पाच वर्षांचा. तीन वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, आणि लढाईत जखमी झाला तर रक्त सांडल्याच्या हक्कानं मिळतं. बास, पुढं चला.

दिएन बिएन फू सगळेच सांगतात, पण नकाशातून सांगतात. मी छत्रीतून सांगतो. २० नोव्हेंबर १९५३ ला पहिल्या उड्या पडल्या, लीजनची पहिली बटालियन दुसऱ्या दिवशी उतरली. चहूकडे डोंगर, मधे खोरं, खोऱ्यात धावपट्टी. मार्च संपता संपता व्हिएतमिन्हच्या, म्हणजे फ्रेंचांशी लढणाऱ्या व्हिएतनामी फौजेच्या, तोफांनी ती धावपट्टी बंद पाडली. म्हणजे आता भाकरी, गोळा, औषध, माणूस, जे काय येणार ते छत्रीनंच. खालून विमानविरोधी तोफांचा मारा, म्हणून विमानं उंचावरून माल टाकू लागली. उंचावरून टाकलेली छत्री वारा नेईल तिकडं जाते, आणि हातातला प्रदेश तर रोज आक्रसत होता. मग माल पडायचा शत्रूच्या पदरात. घडी कितीही चोख असू दे, एवढ्या उंचीला ती काय करणार? एप्रिलमध्ये दुसरी बटालियन याच खोऱ्यात उतरली. २३ एप्रिलला धावपट्टीच्या कडेची ह्युगेट-१ नावाची चौकी परत घ्यायला गेली आणि तिथंच कापली गेली. उरलेले पहिलीच्या उरलेल्यांत मिसळले. ७ मे ला सगळं संपलं. पोरांना थांबवून सांगावी अशी गोष्ट मात्र वेगळीच आहे: शेवटच्या आठवड्यांत शेकडो स्वयंसेवकांनी रात्रीच्या अंधारात या खोऱ्यात उडी मारली, आणि ती त्यांची आयुष्यातली पहिली उडी होती. आग्र्याला पहिल्या उडीआधी पोरांकडून जमिनीवर किती घोटून घेतात, ते मी रोज पाहिलंय. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता अल्जीरिया. फ्रेंच सत्तेखालचा हा देश तेव्हा स्वातंत्र्यासाठी लढत होता. इथं निम्मे वक्ते घसा खाकरून थेट कोलवेझीवर, म्हणजे १९७८ च्या आफ्रिकेतल्या मोहिमेवर, उडी मारतात. तसं करू नका. जानेवारी १९५७ मध्ये अल्जिअर्स शहराचे पोलिसी अधिकार जनरल मासू यांच्या दहाव्या छत्रीधारी डिव्हिजनला दिले गेले, आणि लीजनची पहिली रेजिमेंट त्या डिव्हिजनमध्ये होती. घराघरांतून माणसं उचलली, छळ झाला, कितीतरी जण परतलेच नाहीत. मोरिस ओदाँ हा तरुण गणितज्ञ जून १९५७ मध्ये छत्रीधाऱ्यांनी उचलला तो पुन्हा दिसला नाही. त्याच्या मृत्यूची जबाबदारी फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी मान्य केली ती २०१८ साली. हे सांगताना आवाज चढवू नका, उतरवूही नका. एका पोरानं मला विचारलं, "काका, सिलेक्शन बोर्डासमोर असं बोललं तर चालते का?" मी म्हटलं, बोर्डावर बसलेली माणसं सैन्यातली आहेत, त्यांना हे तुझ्याआधी ठाऊक आहे.

मग १९६१. फ्रेंच राष्ट्राध्यक्ष द गॉल अल्जीरिया सोडणार हे दिसू लागलं, तेव्हा शाल, झुओ, झेलेर आणि सालाँ या चार सेनापतींनी बंड केलं. २१ एप्रिलच्या रात्री अल्जिअर्स ताब्यात घेतलं ते पहिल्या रेजिमेंटनं. त्या वेळी तिचा ताबा मेजर एली द साँ-मार्क यांच्याकडे होता. बंड का फसलं हे सांगायला एक छोटा ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवा. २३ तारखेला द गॉल रेडिओवर बोलले, आणि सक्तीच्या भरतीत आलेल्या साध्या शिपायांनी बराकीत ट्रान्झिस्टरला कान लावून ते ऐकलं. त्यांनी बंडखोरांना साथ दिली नाही, चार दिवसांत डाव मोडला. पहिली रेजिमेंट बरखास्त झाली ती ३० एप्रिलला. ही तारीख अधोरेखित करा. १८६३ मध्ये याच दिवशी मेक्सिकोतल्या कामेरोनला लीजनचे ६५ जण सुमारे दोन हजारांशी लढले होते, आणि तो लीजनचा सर्वांत मोठा सण. त्यांचे कॅप्टन दाँजू यांचा लाकडी हात आजही त्या दिवशी मिरवतात. घरात दिवाळी आणि त्याच दिवशी मुलाला घराबाहेर काढलं, असं समजा. साँ-मार्क पाच वर्षं तुरुंगात राहिले. पुढं २०११ साली त्याच फ्रान्सनं त्यांना सर्वोच्च सन्मान दिला. बरोबर की चूक, हे ऐकणाऱ्यांना भांडू द्या. तुम्ही निकाल देऊ नका. मी दिला होता एकदा, सगळा वेळ त्यातच गेला.

दुसरी रेजिमेंटही त्या बंडापासून पूर्ण अलिप्त नव्हती, पण ती वाचली. फळ्यावर आता फक्त हिरवी रेघ. कर्नल कायो यांनी तिची घडी नव्यानं बसवली: एका कंपनीकडे डोंगरातली लढाई, एकीकडे पाण्यावरची, अशी कामं वाटली. १९६७ पासून तिचा मुक्काम कॉर्सिका बेटावर काल्व्हीला. छावणीचं नाव रफाली, १९५२ मध्ये इंडोचायनात गेलेल्या कमांडरच्या नावावरून. हा भाग एका मिनिटात संपवा, कारण पुढं वेळ लागणार आहे.

कोलवेझीसाठी सामान लागतं: एक शाळेची सॅक, एक जड पिशवी, एक लोखंडी हूक, सुतळी आणि एक स्टूल.

आधी परिस्थिती सांगा. मे १९७८, झैरेचा, म्हणजे आजच्या डीआर काँगोचा, शाबा प्रांत, तांब्या-कोबाल्टच्या खाणींचं गाव. अंगोलातून आलेल्या बंडखोरांनी १३ मे ला ते घेतलं, खाणीवर काम करणारी युरोपीय कुटुंबं आत अडकली, कत्तल सुरू झाली. काल्व्हीतून रेजिमेंट निघाली, कर्नल फिलिप एरुलँ यांच्या हाताखाली, पाच हजार किलोमीटरांहून लांब, झैरेची राजधानी किन्शासाला. तिथून कोलवेझी म्हणजे साधारण नागपूर ते जम्मू. किन्शासाला छत्र्या मिळाल्या त्या झैरेच्या साठ्यातल्या, अमेरिकन बनावटीच्या टी-टेन. लीजनच्या माणसांना सवय फ्रेंच छत्रीची.

यात काय बिघडतं, हे सांगून कळत नाही. म्हणून एका पोराला सॅक घालून स्टुलावर उभा करा. सॅक म्हणजे छत्रीचा पट्टा. पॅराट्रूपरचं हत्यार आणि सामान एका जड पिशवीत असतं, ती पट्ट्याला अडकवलेली असते. जमिनीजवळ आला की तो ती सोडतो, ती दोरीवर खाली लोंबते आणि त्याच्या आधी टेकते. आता त्याच्या हातात हूकवाली पिशवी द्या आणि म्हणा, अडकव. सॅकला प्लास्टिकची बकल, हूक बसतच नाही. फ्रेंच पिशव्या अमेरिकन पट्ट्याला अशाच बसेनात. मग सुतळी द्या. एक मिनिट. बांध. किन्शासाच्या विमानतळावर माणसांनी हाताला लागेल त्यानं पिशव्या बांधल्या, टी-टेन समजून घ्यायला मिळाले काही तास, आणि विमानांत नेहमीपेक्षा जास्त माणसं कोंबली. मग पोराला सांगा, दार उघडलं. स्टुलावरून उडी. आमच्याकडे गाठ सुटून पिशवी थेट पाण्याच्या ग्लासावर आली होती. सगळे हसले, आणि मग एकदम गप्प झाले. पॅकिंग शेडमध्ये आम्ही प्रत्येक छत्रीच्या कार्डावर सही करायचो, तेव्हा त्या सहीवर माझा विश्वास असायचा. सुतळीच्या गाठीवर कोणाची सही?

१९ मे च्या दुपारी चारशेच्या आसपास माणसं उंच गवतात उतरली. दुसरी फळी अंधार पडल्यामुळं फिरवली, ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. रेजिमेंटचे पाच जण गेले. गावात तोवर शेकडो आफ्रिकी आणि शंभराहून जास्त युरोपीय मारले गेले होते. आफ्रिकींचा आकडा आधी सांगा, तो बहुतेक जण विसरतात. मागाहून पत्रकार आँरी आलेग यांनी जाहीर आरोप केला, की १९५७ मध्ये अल्जिअर्सला त्यांचा छळ करणाऱ्यांत तेव्हाचे लेफ्टनंट एरुलँ होते. १९७९ मध्ये एरुलँ वारले. अल्जीरिया गाळला असता तर हे वाक्य कुठं ठेवलं असतं?

टिंबक्टूला एक ओळ पुरे: २०१३, २७ जानेवारीची रात्र, मालीतलं वाळवंट, रेजिमेंटची कोलवेझीनंतरची पहिली लढाईतली उडी.

शेवटची तीन मिनिटं प्रश्नांना ठेवा. मला हमखास विचारतात, "काका, तुमी किती उड्या मारल्या?" एकही नाही. पहिल्यांदा मी हा प्रश्न टोलवला होता, आता सरळ सांगतो. घडी करणारा वेगळा, उडी मारणारा वेगळा. तुमचाही असा एखादा प्रश्न असेल, त्याचं उत्तर घरूनच ठरवून या. येत्या रविवारी ज्याची पाळी आहे त्यानं ओला फडका आणावा, आमच्या डस्टरनं रेघा पुसत नाहीत, नुसती धूळ होते.