कुंपणावरचे फायबर: घुसखोरी ओळखण्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी किंवा ताळगावच्या गोवा विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेले विद्यार्थी कुंपणावर बांधलेल्या किंवा जमिनीत पुरलेल्या ऑप्टिकल फायबरने घुसखोर ओळखण्याच्या या क्षेत्राविषयी विचारतात, तेव्हा बहुतेकांची समजूत असते की हे काम लेझरचे आहे. लेझर यंत्रात बंद असतो. आपला दिवस मात्र कुंपणाजवळ, चराच्या काठावर आणि आलेखांसमोर जातो.

तत्त्व आधी नीट समजून घ्यावे. फायबरच्या काचेतील अतिसूक्ष्म विषमतेमुळे प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे विखुरतो, त्याला रेले विकिरण म्हणतात. बहुधा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचे स्पंद (पल्स) फायबरमध्ये सोडले जातात आणि परतणाऱ्या प्रकाशाची कला (फेज, म्हणजे लहर तिच्या आवर्तनात कुठे आहे ते) तपासली जाते. कोणी जाळीवर चढले किंवा पुरलेल्या केबलवरून चालले, की फायबर किंचित ताणले जाते आणि नेमक्या त्या ठिकाणची कला बदलते. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे प्रतिध्वनी एका मायक्रोसेकंदाने उशिरा आला तर जागा १०० मीटर पुढची असते. १०० नॅनोसेकंदांचा स्पंद साधारण १० मीटर अंतरावरच्या दोन घटना वेगळ्या दाखवतो. लांबीचे बंधनही यातूनच येते: ४० किलोमीटर फायबरची फेरी ४०० मायक्रोसेकंदांची असल्याने सेकंदाला २,५०० हून अधिक स्पंद सोडता येत नाहीत, आणि प्रत्येक कंपनामागे निदान दोन स्पंद लागत असल्याने १,२५० हर्ट्झच्या वरची कंपने विश्वासाने मोजता येत नाहीत. मुलाखतीत मी हे गणित कागदावर करायला सांगतो.

कुंपणाच्या संपूर्ण लांबीवर बाहेर कोठेही वीजपुरवठा लागत नाही, हा गोव्यासारख्या विजांच्या प्रदेशात मोठाच फायदा आहे. परंतु जाळीला सैल बांधलेली केबल काहीच ऐकत नाही. बांधणी झाल्यावर एकाने पान्याने प्रत्येक खांबावर ठोका द्यावा, दुसऱ्याने पडद्यावर उमटलेले अंतर वहीत लिहावे. जोडांपाशी ठेवलेल्या वेटोळ्यांमुळे फायबरवरचे अंतर जमिनीवरच्या अंतराशी जुळत नाही, आणि हा तक्ता नसेल तर पहारेकरी भलत्याच कोपऱ्यात धावतो.

स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची टोके वितळवून जोडणे, स्वतःच्या हाताने शिका. आवरण काढलेली काच १२५ मायक्रॉनची असते. तिचे तुटलेले तुकडे झाकणाच्या डबीतच टाकावेत, त्या टेबलावर डबा उघडून जेवायला बसू नये. हिरवे एपीसी कनेक्टर ८ अंशांच्या तिरक्या टोकाचे असतात, त्यांना निळे कनेक्टर जोडू नयेत. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चालू फायबरच्या टोकात डोकावणे धोक्याचे असते.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. सरी जाळीवर कोसळतात, माडाची झावळ पडते, मोकाट गुरे कुंपणाला अंग घासतात. पावसाचा आवाज बहुतेक लांबीवर एकाच वेळी उमटतो, तर चढणाऱ्या माणसाचे धक्के थोड्या मीटरांत, मधे थांबत थांबत येतात. म्हणून शेजारच्या चॅनेलांशी, म्हणजे फायबरच्या लगतच्या लहान भागांशी, तुलना करणारी प्रक्रिया उपयोगी पडते. संवेदनशीलता सरसकट कमी करणे हा सोपा उपाय मला मान्य नाही, कारण घुसखोरही अशाच पावसाळी रात्री निवडतो. दुसरीकडे, खोटे अलार्म वाढले की पहारेकरी सायरन बंद करून ठेवतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. म्हणून नव्या अभियंत्याने पायथन ही संगणकभाषा आणि कंपने वारंवारतेनुसार वेगळी करणारे फूरिए विश्लेषण शिकावेच, पण काही रात्री पहाऱ्याच्या खोलीतही बसून पाहावे.

पुरलेल्या केबलचा प्रश्न वेगळा आहे. उन्हाळ्यात जांभ्याची कोरडी जमीन आणि पावसात भिजलेली जमीन पावलांची कंपने सारखी पोहोचवत नाही. त्यामुळे मे महिन्यातील चालण्याची चाचणी मी जुलैमध्ये त्याच जागांवर, शक्यतो त्याच माणसाकडून पुन्हा करून घेतो आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवल्यावरच अलार्मची मर्यादा कायम करतो.