काल्वारिनो प्यावी कशी आणि कशाबरोबर

इटलीच्या वेनेतो प्रांतात, वेरोनाच्या पूर्वेला असलेल्या सोआवे गावाच्या नावाने जगभर व्हाइट वाइन विकली जाते. तिच्यातली बरीचशी सपाटीवरच्या द्राक्षांची आणि पाणचट असते. ‘सोआवे गारढोण करून प्या’ हा सल्ला फोफावला तो तिच्यामुळेच. तिथलेच वाइन बनवणारे पिएरोपान घराणे १९७१ पासून काल्वारिनो या टेकडीवरच्या एकाच बागेतील द्राक्षांची वाइन वेगळी काढते. तिला हा सल्ला लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे.

या बागेची माती ज्वालामुखीच्या बसाल्टची, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या कातळाच्याच जातकुळीची आहे. द्राक्षांत सुमारे ७० टक्के गार्गानेगा आणि बाकी त्रेब्बियानो दि सोआवे या जाती असतात. वाइन लाकडी पिंपात न जाता आतून काच बसवलेल्या सिमेंटच्या टाक्यांत, यीस्टच्या गाळासह सुमारे वर्षभर मुरते. त्यामुळे पांढऱ्या फुलांचा वास, लिंबाच्या सालीचा तजेला आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा बदामाचा किंचित कडवटपणा यांवर लाकडाचे पांघरूण नसते.

बाटली तीन तास फ्रिजमध्ये ठेवावी. ग्लास पोटाशी रुंद, तोंडाशी निमुळता असावा.

खरी कसोटी तापमानाची आहे. फ्रिजमधून काढलेली वाइन चार-पाच अंशांवर असते. तेव्हा वास दबलेला असतो, आंबटपणा आणि कडवटपणा मात्र पुढे येतो, आणि पिणारा बदामाच्या त्या खुणेलाच दोष समजतो. तिला दहा ते बारा अंश हवेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि मगच ओतावी. ग्लास एक-तृतीयांशच भरावा, कारण तीस अंशांच्या खोलीत भरलेला ग्लास संपेपर्यंत वाइन कोमट होते आणि अल्कोहोल नाकात घुसते. बाटली टेबलावर राहणार असेल, तर बर्फ आणि पाणी मिसळलेल्या बादलीत अधूनमधून बुडवावी. नुसत्या बर्फाच्या ढिगात ती नीट गार होत नाही. ग्लासात बर्फाचा खडा टाकणाऱ्याला मी ही वाइन देत नाही.

जेवणाबाबत वेनेतोचे ऐकावे. बास्सानोचा पांढरा शतावर (अ‍ॅस्परॅगस) आणि उकडलेली अंडी, हिरव्या वाटाण्यांचा पातळसर भात रिसी ए बीसी, गार्दा सरोवरातील मासे, दुधात शिजवलेला सुकवलेला कॉड मासा आणि मक्याच्या पिठाची पोलेंता, किंवा कोवळे मोंते वेरोनेसे चीज यांपैकी काहीही चालेल. आपल्या घरी हळद-मीठ-लिंबू लावून थोड्या तुपात परतलेले पापलेट उत्तम जमते. मालवणी झणझणीत रस्सा मात्र बाजूला ठेवावा. अल्कोहोलने तिखट अधिकच भडकते आणि वाइनचा मागमूस राहत नाही. गोड पदार्थापुढे ही कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन निव्वळ आंबट लागते, म्हणून मोदकाच्या ताटावर तिला आणू नये.

पिएरोपान घराण्याचीच दुसरी वाइन ला रोका चुनखडीच्या मातीतल्या निव्वळ गार्गानेगाची असून लाकडी पिंपांत मुरते. तिला अंश-दोन अंश जास्त ऊब आणि कोंबडी किंवा मशरूमसारखे भरदार जेवण द्यावे. दोन्ही एकाच जेवणात उघडायच्या असतील, तर काल्वारिनो आधी. उरलेली वाइन घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.